फळ्यावरची आजची जोडी

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस असेल तर माणसाने निदान लष्करात तरी असावं. मी पंपांच्या कंपनीत होतो. वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात बसून मी चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना इंग्रजीतून 'नाही' कळवलं, आणि ते इतक्या नेटक्या शब्दांत कळवलं की काही गिऱ्हाइकांनी उलट टपाली आभार मानले. असा माणूस निवृत्त होऊन ठाकुर्लीत घरी बसला की त्याच्या इंग्रजीला खाज सुटते. माझी बायको शीला म्हणते की खाज मला सुटते आणि खाजवून साल लोकांचं निघतं. तिचं इंग्रजी बेताचं आहे, पण निरीक्षण वाईट नाही.

आमच्या 'सहजीवन' सोसायटीच्या फाटकापाशी एक फळा आहे. वरच्या भागात सुविचार आणि खालच्या भागात पाण्याची वेळ, अशी त्याची परंपरागत वाटणी. सुविचार लिहिणारे कर्णिक मुलाकडे बदलापूरला कायमचे राहायला गेले आणि जाताना 'वेळ कोणासाठी थांबत नाही' असं लिहून गेले. ते वाक्य पुढे पाच आठवडे जागचं हललं नाही. येता-जाता ते वाचून माझ्यातला पत्रव्यवहार विभाग अस्वस्थ व्हायला लागला. मी ठरवलं, हा फळा आपण घ्यायचा. पण सुविचार लिहायचा नाही. सुविचाराने आजवर कोण सुधारलंय? आपण रोज इंग्रजीतल्या दोन जवळजवळच्या शब्दांची जोडी लिहायची, ज्यांची लोक सर्रास अदलाबदल करतात. दोन्हींचा अर्थ मराठीत द्यायचा आणि खाली एखादं उदाहरण. नाव ठेवलं 'आजची जोडी'.

हा बेत मी सगळ्यात आधी भाऊला सांगितला. भाऊ भोईर तिसऱ्या मजल्यावर राहतो, माझ्या बरोबर डोक्यावर. वीज मंडळात लाइनमन होता. मूळचा इथलाच, आगरी; 'मला'ऐवजी 'मना' म्हणणारा. रोज सकाळी सहाला आम्ही दोघं नव्वद फुटी रस्त्यावर फिरायला जातो, त्याला आता अकरा वर्षं होतील. फेब्रुवारीत भाऊची बायको, कांतावहिनी, गेली. मुलगी शिवानी नाशिकला दिलेली. तेव्हापासून भाऊ फारसं बोलत नाही. मी बोलतो, तो चालतो, आणि परत आल्यावर जिन्यात म्हणतो, "बरं वाटलं." त्याच्या अख्ख्या दिवसात जिवंत माणसाशी होणारं बोलणं बहुधा तेवढंच. हे मला कळत होतं. कळणाऱ्या माणसाने पुढे काय केलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय.

भाऊ माझा बेत ऐकून म्हणाला, "लिव की. पन लोकांना लागंल असं नको लिवू."

"अरे, शब्दांचे अर्थ कोणाला लागतात?" मी म्हणालो. इतकं मूर्ख वाक्य मी पंपांच्या कंपनीतही कधी लिहिलं नव्हतं.

फळ्यावर लिहायचं म्हणजे खडू घ्यायचा आणि लिहायचं, असं ज्याला वाटतं तो सहकारी गृहनिर्माण संस्थेत कधी राहिलेला नसावा. सेक्रेटरी साईनाथ हा भला तरुण आहे, चाळिशीचा, पण 'अर्ज' हा शब्द कानावर पडला की त्याच्या अंगात येतं. त्याने माझ्याकडून अर्ज घेतला. अर्जावर फळ्याचा नकाशा मागितला. मग कमिटीची सभा झाली आणि ठराव पास झाला. त्यानुसार फळ्याचा खालचा भाग पाण्यासाठी राखीव राहील, खडू सोसायटीचा आणि डस्टर अर्जदाराचा असेल, आणि कुठल्याही सभासदाचं नाव फळ्यावर येणार नाही. शिवाय मजकूर सकाळी सहाच्या आत लिहून व्हावा, कारण सहानंतर फाटकापाशी दूधवाल्याची सायकल असते.

सोसायटीच्या खडूने अक्षर येईना. मी ठाण्याला गेलो आणि नौपाड्यात तीन दुकानं हिंडून धूळ न उडणाऱ्या खडूची पेटी आणली. आमच्या इमारतीखालच्या स्टेशनरीवाल्याकडे तोच खडू, त्याच पेटीत, दर्शनी काचेत ठेवलेला होता. शीलाने पेटी बघितली, खिडकीतून खाली दुकानाकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिने ही एक कला फार वाढवली आहे.

पहिली जोडी 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल'. हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासातलं, जुन्या काळचं. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात ज्याची नोंद व्हावी असं. अर्थ लिहिल्यावर उदाहरण हवं. उदाहरण कसं पाहिजे? ओळखीचं, रोजच्या जगण्यातलं. मी लिहिलं, 'आपली लिफ्ट ही हिस्टॉरिकल वस्तू आहे. ती चालू होईल तो दिवस हिस्टॉरिक असेल.' सुबोध, छोटं, दोन्ही शब्दांना न्याय देणारं वाक्य.

आठ वाजता साईनाथ दारात. "काका, लिफ्टचं काम प्रोसेसमध्ये आहे."

"असणारच. मी कुठे काय म्हटलं?"

"नाही, म्हणजे पार्ट मिळत नाहीये. मी स्वतः दोनदा जाऊन आलोय. तुम्ही मला डायरेक्ट बोलायचं ना, असं फळ्यावरून कशाला?"

मी त्याला शब्दातला फरक समजावला. त्याने तो पूर्ण ऐकून घेतला आणि जाताना म्हणाला, "कळलं काका. मनात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल'. पहिल्याचा संबंध अर्थव्यवस्थेशी, दुसऱ्याचा काटकसरीशी. उदाहरण, 'काही घरांत चहात साखर घालताना लोक फार इकॉनॉमिकल असतात.' आता यात कोणाचं नाव आहे का? नाही. पण आदल्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या गोदाकाकूंनी मला चहाला बोलावलं होतं, हे त्यांच्या लक्षात होतं आणि माझ्या नव्हतं. त्या दिवसापासून त्या मला जिन्यात भेटल्या की नमस्काराआधी विचारायच्या, "काय चौबळ, साखर बेताचीच ना?" दोन दिवसांनी त्यांच्याकडून वाटीभर साखर आली. वाटीवर झाकण होतं आणि झाकणावर चमचा होता.

शीला म्हणाली, "अहो, या इमारतीत सगळे 'लेकी बोले सुने लागे' ऐकत मोठे झालेत. इथे कोणी नुसतं 'आज गरम होतंय' म्हटलं तरी पंखा न लावणाऱ्याला ते लागतं. तुम्ही तर फळ्यावर लिहिताय."

म्हणजे चूक वाचणाऱ्यांची, असा मी याचा अर्थ घेतला. शेवटी खाई त्याला खवखवे. मी बापडा अर्थ सांगतोय, कोणी ती टोपी आपलीच समजून घालून घेत असेल तर त्याचं डोकं त्या मापाचं असणार. हा विचार मला इतका आवडला की पुढचे काही दिवस मी त्याच्यावरच काढले. 'कंटिन्युअल' म्हणजे थांबून थांबून पुन्हा होणारं आणि 'कंटिन्युअस' म्हणजे अखंड, या जोडीला मी 'ड्रिलचा आवाज कंटिन्युअल असतो, खालच्यांचा मनस्ताप कंटिन्युअस' असं वाक्य दिलं. चौथ्या मजल्यावर संदेश नावाचा मुलगा लाद्या बदलून घेत होता. त्याने ड्रिल तीन दिवस बंद ठेवलं आणि चौथ्या दिवशी सकाळी सातला सुरू केलं ते दुपारी दोनपर्यंत थांबवलंच नाही. भेटला तेव्हा म्हणाला, "अंकल, आता कंटिन्युअस केलंय. बरोबर ना?" विद्यार्थ्याला विषय कळल्याचा असा आनंद शिक्षकाच्या वाट्याला क्वचित येतो.

तक्रारी वाढल्यावर मी कंपनीत करायचो तेच केलं. फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'उदाहरणांतील व्यक्ती काल्पनिक आहेत.' संध्याकाळपर्यंत चार जण विचारून गेले की काल्पनिक आपल्याला म्हटलंय का.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी, लोक वाचायला लागले होते. समोरच्या इमारतीतली माणसं दूध घ्यायला म्हणून आमच्या फाटकापर्यंत यायची. फळ्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जायचे आणि तिथून पुण्याला, नाशिकला, गोदाकाकूंच्या मुलाकडे कॅनडाला. माझ्या दाराखालून चिठ्ठ्या यायला लागल्या. एकीत लिहिलं होतं, 'उद्या सेल्फिश घ्या. उदाहरण, पार्किंगमध्ये दोन जागा अडवणारा.' दुसरीत फक्त फ्लॅटचा नंबर आणि खाली 'शब्द तुम्हीच बघा.' अशा सूचना मी तत्त्व म्हणून फेटाळल्या. फक्त दोन घेतल्या, कारण त्या भाषेच्या दृष्टीने खरोखर चांगल्या होत्या. चौतीस वर्षं माझी पत्रं ज्यांना उद्देशून होती तेवढ्यांनीच वाचली, तीही नाखुशीने. आता अख्खी इमारत सकाळी चहाआधी मला वाचत होती. ते डोक्यात गेलं, दुसरं काय.

आणि मग मी 'सेन्सिबल' आणि 'सेन्सिटिव्ह' लिहिलं.

त्याच्या आदल्या रविवारी मी आणि भाऊ फिरून येत होतो. स्टेशनकडच्या वळणावर एक बाई वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. भाऊने सवयीने अर्धा किलो घेतल्या. पिशवी हातात आली, आणि तो तिथेच थांबला. म्हणाला, "चौबल, या सोलनार कोन?" आणि भर रस्त्यात, भाजीवालीसमोर, सत्तर वर्षांच्या त्या दांडग्या माणसाचे डोळे भरून वाहायला लागले. मी पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि दोघं तसेच उभे राहिलो. मलाही भडभडून आलं होतं. घरी आल्यावर शीलाने त्या शेंगा सोलल्या आणि बिरडं करून वर पाठवलं. शीला सोडून याबद्दल मी कोणाला बोललो नाही.

बुधवारी फळ्यावर लिहिलं, 'सेन्सिबल म्हणजे शहाणा, समजूतदार. सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा. उदाहरणार्थ, भर बाजारात उभं राहून डोळे पुसणारा माणूस सेन्सिटिव्ह असतो, त्याला सेन्सिबल म्हणता येणार नाही.'

तुम्ही म्हणाल, हा माणूस असं लिहूच कसा शकला. मीही नंतर तेच म्हणालो. पण त्या वेळी पहाटे पावणेसहाला, हातात खडू असताना, मला फक्त एक उदाहरण हवं होतं आणि ते आपण होऊन समोर आलं. कुठून आलं हे मी बघितलंच नाही. सहाला भाऊ खाली आला, फळ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि "गुडघा दुखतोय" म्हणून परत वर गेला.

मी गुडघा खरा धरला. शीलाकडून निर्गुडीचं तेल गरम करून वर पाठवलं. ते जसंच्या तसं परत आलं. गुरुवारीही गुडघा, शुक्रवारीही गुडघा. शनिवारी मी एकटाच नव्वद फुटी रस्त्यावर गेलो. बोलायला कोणी नव्हतं म्हणून अर्ध्यातून परत फिरलो, तर सोसायटीच्या फाटकातून भाऊ बाहेर पडताना दिसला. गुडघा उत्तम चालत होता. मला बघून तो रस्त्याच्या पलीकडे गेला.

मी घरी येऊन शीलाला म्हणालो, "भाऊ माझ्याशी बोलत नाही."

"बुधवारपासून," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. ते वाक्य वाचून गोदाकाकूंना वाटलं तुम्ही त्यांना म्हणालात, मंडईत कांद्यावरून भांडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून. मग मीच शेंगांचं सांगितलं त्यांना. म्हटलं, तुमच्याबद्दल नाहीये काकू, नका मनाला लावून घेऊ."

माझ्या बायकोने एक शेजारीण वाचवायला माझा मित्र वापरला. तिच्यावर चिडायची माझी फार इच्छा होती, पण तिने जे तोंडाने सांगितलं ते मी आधीच खडूने लिहून ठेवलेलं होतं.

त्याच संध्याकाळी साईनाथचं पत्र आलं. विषय, 'फळ्यावरील मजकुराबाबत खुलासा'. रविवारी पार्किंगमध्ये विशेष सभा. मी रात्रभर बसून अडीच पानांचा खुलासा लिहिला. त्याचा मथितार्थ असा की, उदाहरण हे उदाहरण असतं आणि ते व्यक्तिविशेषाला उद्देशून नसतं. सभेला खुर्च्या कमी पडल्या. लिफ्टच्या सभेला गणपूर्तीसाठी वॉचमनला बसवावं लागलं होतं. फक्त भाऊची खुर्ची रिकामी होती.

साईनाथने तज्ज्ञ म्हणून थेरेसा टीचरना बोलावलं होतं. त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. ठाण्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. मी खूश झालो. म्हटलं, एक तरी माणूस असं आहे ज्याला विषय कळतो. मी खुलासा वाचला. टीचरनी वहीत फळ्यावरची सगळी वाक्यं उतरवून आणली होती, तारखांसकट.

"अर्थ बरे दिलेत," त्या म्हणाल्या. "सेन्सिबलचा एकच दिलात. त्याला जुना अर्थ पण आहे, ज्याला जाणवतं तो. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, चौबळ. ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"जागा कमी होती," मी म्हणालो.

"हं. आणि ही उदाहरणं. तेवीस दिवस, तेवीस वाक्यं. मी सगळी वाचली. कंजूष आहे, आळशी आहे, आवाज करणारा आहे, रडणारा आहे. या तेवीसमध्ये तुम्ही कुठे आहात?"

"मी? माझा काय संबंध?"

"तेच विचारते मी. वर्गात पोरं उदाहरण देतात ना, पहिलं वाक्य नेहमी 'मी'चं असतं. मी शाळेत जातो. मी आंबा खातो. तुमचं एक पण वाक्य तसं नाही."

एरवी या सभेत एक माणूस बोलतो तेव्हा सात जण बोलतात. त्या वेळी सातही जण माझ्याकडे वळले. मी हातातला अडीच पानांचा खुलासा बघत राहिलो. तो चौतीस वर्षांच्या अनुभवाने लिहिलेला, निर्दोष खुलासा होता, आणि त्यातही 'मी' हा शब्द एकदाही आला नव्हता. 'निम्नस्वाक्षरीकार' आला होता, पाचदा.

फळ्याबाबतचा निर्णय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. बाकी सगळ्यांशी माझं काहीही झालं तरी चालण्यासारखं होतं. गोदाकाकू दोन महिने साखर पाठवतील आणि मग कंटाळतील. पण वरच्या मजल्यावर एक माणूस सकाळी सहाला उठून, पायात बूट घालून, मी निघून जायची वाट बघत बसत होता. मला त्याच्या पावलांचा आवाज खाली ऐकू यायचा.

माफी मागायची हे ठरलं. कशी मागायची ते ठरेना, म्हणून जे येतं त्या मार्गाने गेलो. सोमवारी पहाटे फळ्यावर शेवटची जोडी लिहिली. 'रिग्रेट' आणि 'अपॉलॉजी'. रिग्रेट म्हणजे झाल्याबद्दल वाईट वाटणं, हा शब्द मी कंपनीत रोज चाळीस वेळा लिहीत होतो आणि एकदाही वाईट वाटलं नव्हतं. अपॉलॉजी म्हणजे चूक आपली आहे असं कबूल करून माफी मागणं. हा शब्द वापरायला आमच्याकडे डायरेक्टरची सही लागायची, त्यामुळे चौतीस वर्षांत तो वापरायची पाळी आली नाही. खाली उदाहरण लिहिलं, 'भाऊ भोईर यांच्याबाबत अरविंद चौबळ यांची चूक झाली. चौबळ अपॉलॉजी मागत आहेत.'

भाऊ आता सातला बाहेर पडायचा. मी खिडकीत बसलो. साडेसहाला गोदाकाकू दुधाला आल्या, त्यांनी वाचलं आणि वर बघून ओरडल्या, "कळलं हो चौबळ! स्वतःचं नाव घालून मला शिकवताय होय, माफी कशी मागायची ते? साखर परत घेऊ का?" मग संदेश आला. त्याने फोटो काढला आणि ड्रिलबद्दल आपण माफी मागावी असं अंकलचं म्हणणं दिसतं, असं ग्रुपवर टाकलं. एखादा माणूस खरंच स्वतःबद्दल लिहील, ही शक्यता इमारतीत कोणाला सुचेना. आणि तेवीस दिवस मीच त्यांना तसं शिकवलं होतं.

पावणेसातला साईनाथने येऊन फळ्याखालचा डस्टर उचलला आणि वर खिडकीकडे बघितलं. "काका, सॉरी, पण सभासदाचं नाव आलंय. दोन नावं. ठरावात बसत नाही."

"अरे, एक नाव माझंच आहे!"

"तुम्ही पण सभासदच आहात ना काका." आणि त्याने माझी पहिली लेखी माफी, माझ्याच डस्टरने, पुसून टाकली. सात वाजता भाऊ खाली आला तेव्हा फळ्यावर फक्त पाण्याची वेळ होती.

तेव्हा मला वर जावं लागलं. सोळा पायऱ्या. अकरा वर्षं सकाळी मी खाली उभा राहून त्याला हाक मारली, त्यामुळे त्याचं दार मी फार वेळा वाजवलेलं नव्हतं. संध्याकाळची वेळ होती. हातात कागद नव्हता, डोक्यात मसुदा नव्हता. भाऊने दार उघडलं आणि दारातच उभा राहिला.

"भाऊ, चुकलो मी," मी म्हणालो.

"काय चुकलास?"

हा प्रश्न कोणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. माफी मागितली की समोरचा 'असू दे रे' म्हणतो अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, "ते फळ्यावरचं. तुझ्या डोळ्यांतलं पाणी मी उदाहरण म्हणून लिहिलं."

"ते खरंच व्हतं," भाऊ म्हणाला. "मी रडलो. बाजारात रडलो. त्याचा मना काय नाय. सगल्यांना म्हाईत हाय कांता गेली, सगल्यांना म्हाईत हाय मी रडतंय."

"मग?"

"मी साहाला खाली आलो. वाचलं. तुज्याकडं बघितलं. म्हटलं, आता ह्यो काय तरी बोलंल. तू मना म्हनालास, भाऊ, अक्षर कसं आलंय बघ."

हे मी वर सांगितलेलं नाही. लपवलं म्हणून नाही, मला आठवतच नव्हतं. मी बोललो होतो. खडूचे हात झटकत, एक पाऊल मागे जाऊन, नौपाड्याच्या खडूने काढलेलं ते वळणदार अक्षर बघत बोललो होतो, आणि मग तो गुडघा दुखतोय म्हणून वर गेला होता. मला फार लाज वाटली. डोळे भरून आले, आणि जिन्यात, येणारं-जाणारं कोणीही बघू शकेल अशा ठिकाणी, मी ते बाहीने पुसले.

भाऊने ते बघितलं.

"अक्षर चांगलं आलेलं," तो म्हणाला. "ते खरं."

मग म्हणाला, "उद्या लिवनार हायस?"

"नाही."

"मग साहाला ये." आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी मी पावणेसहालाच खाली जाऊन उभा राहिलो. फळा स्वच्छ होता. सहा वाजले, भाऊ दिसेना. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत गोदाकाकू आल्या, त्यांनी फळा बघितला, मला बघितलं, पुन्हा फळा बघितला.

"आज कोरा ठेवलात होय?" त्या वरून म्हणाल्या. "हा कोणाला टोमणा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून भाऊ जिना उतरून आला. बुटाची नाडी बांधून त्याने गॅलरीकडे बघितलं.

"मना," तो म्हणाला, आणि झपझप फाटकाबाहेर पडला. त्याला गाठायला मला पळावं लागलं.